नववा दगड

या घरात सहलीचं ठिकाण चर्चा करून कधीच ठरलं नाही, आणि चर्चा झाली नाही असंही कधी झालं नाही. तासभर चर्चा व्हायची, आवाज चढायचे, कुणीतरी रुसायचं, आणि मग आबा म्हणायचे, "पुरे. खडे आणा." मग जेवणाच्या टेबलावर वाट्या मांडायच्या, एका जागेची एक वाटी, आणि ज्यानं त्यानं आपला खडा आपल्या पसंतीच्या वाटीत टाकायचा. आबांचा खडा शेवटी.

खडे म्हणजे दगडाच्या कपच्या. घरात मूल जन्मलं की आबा त्या वेळी हातात असलेल्या कामाच्या दगडाची एक कपची जपून ठेवत. सून आली की तिलाही एक मिळे. पाथरवटाच्या घरात दुसरं मिळणार तरी काय, असं सांगून मोठी सून पहिल्या वर्षी माहेरी पोट धरून हसली होती. आता तीस वर्षांनी ती आपल्या हिरवट कपचीला कुणाला हात लावू देत नसे.

वर्षातला एक रविवार, आणि शहरातून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल अशी एखादी जुनी वास्तू, हा आबांचा नेम होता. "दगडावर पोट भरणाऱ्यानं वर्षातून एकदा दुसऱ्याचं काम बघून यावं," ते म्हणत. "नाहीतर आपलंच मोठं वाटायला लागतं." आता ते ब्याऐंशी वर्षांचे होते, गुडघे बोलू लागले होते, आणि पुढच्या वर्षीचं कुणीच बोलत नव्हतं.

मोठ्या सुनेनं तीन वाट्या मांडल्या आणि मनातल्या मनात हिशेब केला. नवऱ्याला तिनं सकाळच्या चहालाच बांधून घेतलं होतं. लेकीला काल संध्याकाळी. तिचा स्वतःचा एक. म्हणजे राजवाड्याचे तीन खडे पदरात होते, आणि आबा सहसा सुनेचं मन मोडत नसत. यंदा राजवाडा नक्की, असं म्हणत तिनं राजवाड्याची वाटी जरा पुढे सरकवली.

तेवढ्यात धाकटा दीर आला, बोटात किल्ली फिरवत. तो सहलींच्या बस चालवायचा, आणि या रविवारी घरची माणसं फुकट न्यायची म्हणून दरवर्षी मालकाकडून एक मिनीबस मागून आणायचा.

"किल्ला," तो दारातूनच म्हणाला. "यंदा किल्लाच. तिथं बस लावायला मैदान आहे. मागच्या वर्षी त्या मनोऱ्याखाली मी पाऊण तास नुसता रिव्हर्स मारत होतो."

"किल्ल्याला पायऱ्या किती आहेत, ठाऊक आहे ना भावजी? आबांना काय खांद्यावर नेणार?"

"नेईन की. मागच्या सीटवरून ब्रेक दाबायला सांगणारे तुमचे मिस्टर सोडले तर कुणालाही खांद्यावर नेईन."

"मी ऐकतोय," आतल्या खोलीतून मोठा म्हणाला.

"ऐकावं म्हणूनच बोललो."

आत्या, म्हणजे आबांची लेक, आली ती पिशवीतून छापील कागद काढतच. ती एका शाळेची मुख्याध्यापिका होती आणि घरातही घंटा वाजल्यासारखीच यायची. "वेधशाळा," ती म्हणाली. "उन्हाच्या सावलीवर वेळ मोजायचे, दगडाची घड्याळं आहेत. बघण्यासारखं, शिकण्यासारखं."

"ताई, रविवारी तरी शिकवू नकोस," धाकटा म्हणाला.

"तुला कुठल्याच वारी शिकवता आलं नाही."

"आणि त्या वेधशाळेत सावली फक्त मोजायलाच आहे, बसायला नाही," मोठी सून म्हणाली. "राजवाड्यात छप्पर आहे, बाकं आहेत आणि बाथरूम स्वच्छ आहे. इतिहास काय कुठेही सापडतो, ताई. स्वच्छ बाथरूम सापडत नाही."

आत्यानं कागद उलटसुलट करून त्यात बाथरूमचा उल्लेख शोधला. आबा खिडकीपाशी खुर्चीत बसून ऐकत होते. मधूनच पायाच्या अंगठ्यानं खालच्या फरशीवर टकटक करत. या घराची फरशी त्यांनी स्वतः बसवली होती आणि तिच्यात एकही पोकळ वाजत नाही याची खात्री ते वीस वर्षं करून घेत होते. लग्नाच्या हॉलमध्ये गेले तरी आधी फरशी वाजवत, मग नवरानवरी बघत.

"पुरे," ते म्हणाले. "खडे आणा."

खड्यांचा डबा टेबलावर आला. आणि त्याच वेळी नात स्वयंपाकघरातून बाहेर आली, एका हातात लॅपटॉप आणि दुसऱ्या हातात चौथी वाटी घेऊन. तिला लहानपणापासून सगळे ठिणगी म्हणत. छिन्नीखालून उडते तशी, आबा म्हणायचे. सत्तावीस वर्षांची इंजिनीयर होती, जुन्या वास्तूंची देखभाल करणाऱ्या सरकारी कचेरीत दोन वर्षांपूर्वी लागली होती.

"ही कशाची गं?" तिच्या आईनं विचारलं. आईला फितुरीचा वास आला होता.

"पुलाची," ठिणगी म्हणाली आणि वाटी राजवाड्याच्या शेजारी ठेवली.

कुठला पूल, असं कुणीही विचारलं नाही. आबांचा अंगठा फरशीवर थांबला.

मोठा आतून बाहेर आला होता आणि दारातच उभा राहिला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, शहरात फरशांची दोन दुकानं, पण पूल म्हटलं की तो दहा वर्षांचा व्हायचा. शहरापासून दोन तासांवर, नदीवर, तीनशे वर्षांचा पाच कमानींचा दगडी पूल. त्याच्या दहाव्या वर्षी पुरानं तिसरी कमान तडकली, नऊ दगड बदलायचे ठरले, आणि ते काम त्या भागातला सगळ्यात चांगला मिस्त्री म्हणून आबांना मिळालं. सात महिने चाललं. परांची उतरली, तपासनीस आला, कमानीखाली उभा राहून वर बघत बसला, आणि म्हणाला, दगड बदललेलेच नाहीत. जुनेच धुऊन पुसून ठेवलेत. बदलले असतील तर दाखवा कुठले.

आबांनी दाखवले नाहीत. "ज्याला ओळखता येत नाही त्यानं तपासायला येऊ नये," एवढं म्हणून ते हत्यारं उचलून निघून आले. त्यांचं नाव मिस्त्र्यांच्या यादीतून कायमचं गेलं. दोन महिन्यांत बिऱ्हाड शहरात आलं, आणि जो माणूस कमानी बांधायचा तो पुढची तीस वर्षं लोकांच्या न्हाणीघरांत फरशा बसवत राहिला. शहरात येण्याआधीचे ते दोन महिने मोठा शाळेत जात होता. खोट्या मिस्त्रीचा मुलगा, असं पोरं म्हणायची. त्यानं दोघांचे दात पाडले होते, पण आपण कशासाठी भांडतोय हे त्याला नक्की माहीत नव्हतं. आबांना विचारायची छाती झाली नाही, आणि नंतर विचारायचं वय निघून गेलं.

"ती वाटी उचल," तो म्हणाला.

"बाबा, नियम आहे. वाटी कुणीही वाढवू शकतं."

"मी सांगतोय म्हणून उचल."

"दादा, पोरीला बोलू तर दे," आत्या म्हणाली. दहा मिनिटांपूर्वी ती वेधशाळेसाठी लढत होती, पण भाऊ आवाज चढवतो तिथे विरुद्ध बाजूला उभं राहायची तिची जुनी सवय होती. "काय आहे, ठिणगे?"

ठिणगीनं लॅपटॉप उघडला. काय बोलायचं ते तिनं आठ दिवस घोकलं होतं आणि आता ती सगळं विसरली होती. "सहा महिने आमच्या कचेरीची पुलावर पाहणी चालू आहे," ती म्हणाली. "एक यंत्र आहे, दगडातून आवाज पाठवतं. दगड बदलला की आवाज बदलतो."

"त्याला यंत्र कशाला लागतं?" पुलाचा विषय निघाल्यापासून आबा पहिल्यांदाच बोलले. "बोट लागतं."

"तुमचं बोट कचेरीत नाही ना आबा. पाचही कमानी वाजवल्या. चार कमानींत सगळा दगड एका खाणीचा. तिसऱ्या कमानीत..." तिनं पडदा सगळ्यांकडे वळवला. करड्या कमानीत लाल रंगानं भरलेले चौकोन होते. "हे वेगळ्या खाणीचे आहेत. नवे. डोळ्यांनी कुणालाच कळले नव्हते. आमचे साहेब तीस वर्षं हेच काम करतात. ते परांचीवर चढून नाक लावून बघत होते. खाली उतरून म्हणाले, हे ज्यानं केलं त्याच्या हाताला मी हात लावायला हवा होता."

मोठ्या सुनेनं पदरानं डोळे टिपले, मग उगाचच टेबल पुसलं. धाकट्यानं बहिणीच्या पाठीवर एक थाप मारली. आत्या ताठ बसली होती.

"म्हणजे केलं होतं," ती म्हणाली. "ऐकलंस, दादा? केलं होतं."

मोठा पडद्याजवळ आला. त्यानं चष्मा लावला, ओठ हलवत लाल चौकोन मोजले. परत एकदा मोजले. "आठ आहेत," तो म्हणाला.

ठिणगीनं मान खाली घातली. "हो. तेच सांगायचं होतं. कागदात नऊ लिहिलेत. आम्हाला आठच सापडले. अहवालात ज्यानं काम केलं त्याचं नाव द्यायचंय, साहेबांची इच्छा आहे. पण वरचे लोक म्हणतात, माणूस नऊ सांगतो आणि निघतात आठ, तर त्याचं बाकीचं तरी खरं कशावरून? नावाची जागा कोरी ठेवा. परांची पुढच्या सोमवारी उतरणार. त्याआधी आबांनी तिथं उभं राहून..."

"आठ," मोठा परत म्हणाला. तो ओरडत नव्हता, आणि तेच वाईट होतं. "मला वाटलं होतं, एकतर सगळं खरं असेल नाहीतर सगळं खोटं. अठ्ठेचाळीस वर्षं कुठल्याही एका गोष्टीची तयारी करून ठेवली होती. आठाचं काय करू मी?"

"अहो," मोठी सून म्हणाली.

"मी आबांना विचारतोय."

आबांनी मुलाकडे पाहिलं. हा प्रश्न त्यांना तपासनिसानं विचारला होता, ठेकेदारानं विचारला होता, गावानं पाठीमागे विचारला होता. घरातल्या कुणी कधी विचारला नव्हता. बायकोला विचारायची गरज नव्हती. मुलांनी विचारलं नाही, तेव्हा ते असं धरून चालले की पोरांचा विश्वास आहे. आत्ता समोर उभ्या असलेल्या माणसाचे पांढरे झालेले कल्ले बघताना त्यांच्या लक्षात आलं की तो विश्वास नव्हता, भीती होती. आणि हे आपल्याला कळायला इतकी वर्षं लागावीत, याची त्यांना लाज वाटली.

"बस," ते म्हणाले. मोठा बसला.

"त्या पुलाचा मूळ कारागीर डावखुरा होता," आबा सांगू लागले. "निदान त्या कमानीचा तरी. टाकीचे घाव उलट्या अंगाला तिरके पडलेत. मी उजव्या हातानं पहिला दगड घडवला, शेजारी धरून बघितला, आणि मलाच तो डोळ्यांत खुपला. चांगल्या पंगतीत कुणी उलटं बसावं तसा. मग दोन आठवडे हातोडा डाव्या हातात धरायला शिकलो. तुमची आई हसायची. बोटं ठेचून घेतली. पण आठही दगड डाव्या हातानं घडवले."

"आबा," ठिणगी म्हणाली, "आता असं कुणी केलं तर आम्ही त्याला कामावरून काढतो. नियम आहे. नवा दगड नवा दिसायला हवा, म्हणजे पुढच्यांना कळतं."

"तेव्हा कुणी सांगितलं नाही."

"तेव्हा नियमच नव्हता."

"म्हणजे चूक माझीच की."

"हो आबा. तुमचीच. फार चांगलं केलंत."

आबा हसले. दात नसलेलं, मोकळं हसू. धाकटाही हसला, पण मोठा हसला नाही. "आणि नववा?" त्यानं विचारलं.

"नववा नवा नाहीच. तुझं यंत्र बरोबर आहे, पोरी. नववा दगड काढला तेव्हा बघितलं, तर तो पुढच्या अंगालाच फुटला होता, बोटभर. मागून ठणठणीत. अडीचशे वर्षं पाणी बघितलेला दगड, टाकवेना मला. फुटकं अंग तासलं, दगड फिरवला, मागची बाजू घडवून पुढे आणली. काढला आणि बसवला, म्हणजे मी नऊच सांगणार. आठ सांगितले असते तर ते खोटं झालं असतं."

"हे तेव्हा का नाही सांगितलं?" मोठ्याचा आवाज फाटला. "एका वाक्याचं काम होतं, आबा!"

"माज होता," आबा म्हणाले. "दुसरं काय. चौतिशीत होतो, हात चालत होता, वाटलं की कामच बोलेल. काम बोलत नाही रे. ते नुसतं उभं राहतं."

आत्यानं नाकाला रुमाल लावला. ठिणगी मात्र इंजिनीयर होती. "साहेब विचारतील, याला पुरावा काय," ती हळूच म्हणाली. "तुम्ही दगड दाखवाल, पण तो फिरवला होता हे कशावरून? कमान उघडता येणार नाही."

"पुरावा तुमच्या टेबलावर आहे," आबा म्हणाले.

सगळ्यांनी टेबलाकडे बघितलं. वाट्या, कागद, चष्म्याचं घर, खड्यांचा डबा. डब्यावर पहिली नजर थांबली ती मोठ्या सुनेची. या खड्यांचं आणि माणसांचं नातं ती दरवर्षी झाडूनपुसून ठेवत आली होती. कोण कुठल्या कामाच्या वेळी जन्मलं, तिला पाठ होतं. "भावजी," ती म्हणाली, "तुमचा जन्म पुलाच्या वर्षीचा."

धाकट्यानं आपला खडा उचलला. घरातला सगळ्यात कुरूप खडा. बाकीच्यांचे स्वच्छ, करडे, हिरवट, एखाद्यात चमक. याचा एका बाजूनं काळा, खरखरीत, पापुद्रे सुटलेला, भिंतीवरून खरवडून काढल्यासारखा. लहानपणी भावंडं म्हणायची, तुझ्या वेळी आबांना चांगला दगडच मिळाला नाही, गटारातला आणला. तो हसून घ्यायचा. एकदा सातवीत असताना त्यानं तो साबणानं तासभर घासला होता, हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

ठिणगीनं तो खिडकीच्या उजेडात धरला. काळ्या बाजूवर झिजून गेलेले बारीक चर होते, उलट्या अंगाला तिरके. मागची बाजू ताजी फुटलेली, आत पुलाचाच करडा रंग. "ही कमानीची जुनी दर्शनी बाजू आहे," ती म्हणाली. "अडीचशे वर्षं उन्हापावसात राहिलेली. तासून उरली ती आता आत, चुन्यात आहे. आणि तिचा हा तुकडा..." तिनं घाईनं लॅपटॉपकडे बघितलं. "आबा, एका दगडापुढे मी प्रश्नचिन्ह टाकून ठेवलंय. दगड जुना, पण चेहरा कमी झिजलेला. मला वाटलं, माझीच मोजणी चुकली. तो..."

"कुठला ते इथं सांगू नकोस," आबा म्हणाले.

"बघू," धाकट्यानं हात पुढे केला. खडा परत घेतला आणि तो तळहातावर ठेवून बघत राहिला. "च्यायला," तो म्हणाला. "गटारातला म्हणे. तुम्हा सगळ्यांच्या कपच्या एकत्र केल्या तरी एवढं वय भरायचं नाही."

"आता वर्षभर हेच ऐकावं लागणार," आत्या म्हणाली.

"दोन वर्षं," धाकटा म्हणाला, आणि खडा चौथ्या वाटीत टाकला.

पाठोपाठ ठिणगीचा पडला. आत्यानं छापील कागदांची घडी घालून पिशवीत ठेवली आणि आपला टाकला. मोठ्या सुनेनं राजवाड्याच्या वाटीकडे एकदा मायेनं बघितलं. "पुलापाशी बाथरूम आहे का गं?" तिनं लेकीला विचारलं.

"नाही."

"असू दे," ती म्हणाली, आणि तिची हिरवट कपची चौथ्या वाटीत गेली.

राहिला मोठा. चार खडे पडले होते, निकाल लागला होता, त्याच्या खड्यानं काही फरक पडणार नव्हता. पण सगळे थांबले, कारण फरक त्याच्यामुळेच पडणार होता. तो खडा मुठीत धरून बसला.

"मी दोघांचे दात पाडले होते," तो म्हणाला. "शाळेत. तुम्हाला ठाऊक नाही."

"एकाचा बाप घरी आला होता," आबा म्हणाले. "मी त्याची माफी मागितली. तुझ्या आईनं नाही मागितली. ती म्हणाली, पोरगं बरोबर आहे."

मोठ्यानं चष्मा काढला. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. मग तो आबांकडे वळला, आणि दहाव्या वर्षी जे विचारायला हवं होतं ते त्यानं विचारलं. "आबा, मला दाखवाल? कुठला ते?"

अठ्ठेचाळीस वर्षं आबांनी जगाला एकच उत्तर दिलं होतं, ओळखा. ते उत्तर त्यांनी यादीपेक्षा, गावापेक्षा, हातातल्या कलेपेक्षा जास्त जपलं होतं. आता ते सोडताना त्यांना वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही.

"दाखवीन," ते म्हणाले. "हात लावून दाखवीन. तू परांचीवर मला धरशील ना?"

"धरीन."

मोठ्यानं खडा टाकला. शेवटी आबांनी आपला खडा डब्यातून काढला. तो त्यांच्या वडिलांनी ठेवलेला होता, वापरून वापरून गोटीसारखा गुळगुळीत झालेला. दरवर्षी तो ते दुरूनच टाकत. या वेळी खुर्चीतून उठले, टेबलापर्यंत चालत आले, आणि वाटीत धाकट्याच्या काळ्या खड्याशेजारी अलगद ठेवला. मोठ्या सुनेनं रिकाम्या तीन वाट्या एकात एक घालून उचलल्या.

"मग सकाळी आरामात आठला निघू," धाकटा म्हणाला. "दहापर्यंत पोचतो."

"आठला निघून काय उपयोग?" आबा म्हणाले. "तिसऱ्या कमानीच्या आत ऊन येतं ते साडेसातला. वीस मिनिटं थांबतं आणि वर सरकतं. त्या उजेडातच ते घाव दिसतात."

पुलाचं नाव न काढता आबा इतकी वर्षं तिथंच उभे होते, हे सगळ्यांना एकदमच कळलं होतं.

"म्हणजे साडेपाचला निघायचं," मोठा म्हणाला.

"पाचला," आबा म्हणाले. "मला चढायला वेळ लागेल."